‘मावशी’ या शब्दाचा खुलासा

माझ्या कमाईवर टॅक्स लागत नाही. मेडनहेडच्या आमच्या भिशीत मी हे एकदा सहज बोलून गेले आणि पस्तावले. तिथल्या सगळ्यांचे नवरे रीडिंगला नाहीतर लंडनला, आयटीत नाहीतर बँकेत, आणि पगार हातात पडेपर्यंत त्याचा चोथा झालेला. त्यांना वाटलं, हिने काहीतरी पळवाट शोधलीय. “आम्हालाही सांग ना गं,” एक जण म्हणाली. म्हटलं, सांगते की. सकाळी साडेपाचला उठायचं, ऐंशी पार केलेल्या बाईंच्या अंगाखालची ओली चादर काढायची, त्यांनी आंघोळीला यावं म्हणून पाऊण तास विनवण्या करायच्या, त्यांनी गुपचूप थुंकलेली गोळी कार्पेटवर रांगत शोधायची, आणि हे सगळं रविवारीसुद्धा करायचं. मग टॅक्स लागत नाही. त्यानंतर कोणी विषय काढला नाही.

गोष्ट साधी आहे. आमच्या कौन्सिलची एक योजना आहे. ज्यांना एकट्याने राहणं झेपत नाही, अशा माणसाला एखाद्या कुटुंबाने आपल्या घरी ठेवून घ्यायचं आणि घरातलंच समजून सांभाळायचं. त्याचे पैसे कौन्सिल दर चार आठवड्यांनी देतं. एका मर्यादेपर्यंत या पैशांवर टॅक्स नाही, आणि माझे पैसे त्या मर्यादेच्या बरेच आत. पण टॅक्स नाही म्हणून फॉर्मही नाही, असं नसतं. दरवर्षी जानेवारी संपायच्या आत रिटर्न भरायचं, सेल्फ-एम्प्लॉइडच्या पानावर मिळालेली रक्कम लिहायची, सवलत मागायची आणि खाली नफा शून्य लिहायचा. आपल्याला काही द्यायचं नाही, हेही त्यांना आपल्याकडूनच लेखी हवं असतं. पहिल्या वर्षी मी यावरून नवऱ्याशी भांडले, जसा काही कायदा त्यानेच केला होता.

ज्यांना मी सांभाळते त्या बाई डॉक्टर. मूळच्या पुण्याच्या. उभा जन्म साउथहॅम्प्टनच्या एका हॉस्पिटलात काढला, लग्न केलं नाही, निवृत्त झाल्यावर एका मैत्रिणीच्या सोबतीला म्हणून मेडनहेडला आल्या. मैत्रीण गेली. मग विसरणं सुरू झालं, मग जिन्यावरून पडणं झालं, आणि शेवटी कौन्सिलने त्यांना एका केअर होममध्ये ठेवलं. तिथे हळूहळू त्यांचं इंग्रजी गेलं. ज्या भाषेत इतकी वर्षं पेशंट तपासले ती भाषा आधी गेली, आणि आईकडून आलेली तेवढी उरली. होमच्या फायलीत त्यांच्या नावापुढे ‘नॉन-व्हर्बल’ असं लिहिलं होतं. म्हणजे बोलू न शकणारी. आणि बाई दिवसभर मराठीत बोलत होत्या.

मराठी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज आला होता, जवळपास कोणी मराठी बोलणारं आहे का म्हणून. मी गेले. त्या खिडकीशी बसल्या होत्या, वजन पार उतरलेलं, मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकत होतं. मी “नमस्कार, कशा आहात?” म्हटलं तशा त्या वळल्या आणि म्हणाल्या, “इतका उशीर? मी यांना केव्हाची सांगतेय की सूप नको, मऊ भात द्या. कोणाला काही कळतच नाही.” मी घरी येऊन रडले. मग नवऱ्याला म्हटलं, मुलगी युनिव्हर्सिटीत गेलीय, तिची खोली रिकामी आहे. तो म्हणाला, “नीट विचार कर.” मी केला नाही. मी विचार करणारी बाई असते तर आज माझी कंबर अशी नसती.

मान्यता मिळायला बरेच महिने गेले. ट्रेनिंग झालं, पोलिसांकडची चौकशी झाली, घरात धुराचे अलार्म नवे बसले. अर्जात एक प्रश्न होता: ही व्यक्ती तुमच्या नात्यातली आहे का? मी ‘नाही’वर खूण केली. खरंच होतं ते.

आता मी नागपूरची. आमच्याकडे आईच्या वयाची कोणीही बाई ही मावशी. पहिल्या दिवशी मी “मावशी, चहा घेता?” म्हटलं तर त्या एकदम ताठ झाल्या. “मावशी वॉर्डात असतात. बेडपॅन देतात. मी डॉक्टर आहे.” खोटं नव्हतं त्यांचं. आपल्याकडे हॉस्पिटलातल्या आयाला मावशी म्हणतात, शाळेत वर्ग झाडणारीला म्हणतात, घरी भांडी घासायला येते तिलाही म्हणतात. एकाच शब्दात आपण आईची बहीण कोंबतो आणि कामाची बाईही कोंबतो, आणि आपलं काही अडत नाही. मी म्हटलं, “आमच्या नागपुरात प्रेमाने म्हणतात.” त्या म्हणाल्या, “नागपूरचं मला काय सांगतेस?” माझ्या “काय करून राहिल्या?”ला त्या न चुकता दुरुस्त करायच्या. “करून राहिल्या नाही. काय करताय, असं म्हण.” बाई वार विसरल्या, औषधांची नावं विसरल्या, स्वतःचं वय विसरल्या, पण नागपूरच्या लोकांना मराठी येत नाही हे काही विसरल्या नाहीत.

दोन-तीन महिन्यांत मात्र मावशी म्हटलं की ओ द्यायला लागल्या. मुलगी सुट्टीत घरी आली की तीही आपल्या इथल्या मराठीत विचारायची, “मावशीचा चष्मा कुठे गेली?” मग मावशी तिला पुढ्यात बसवून ‘गेला’ असं दहादा म्हणायला लावायच्या. घर भरलेलं वाटायचं. मी दमलेली असायची, पण घर भरलेलं होतं.

दमण्याबद्दल एकदा सांगूनच टाकते. रात्रीची झोप मोडते वगैरे सगळ्यांना माहीत असतं. मला जास्त दमवतं ते तेच तेच उत्तर देणं. “मैत्रीण कुठे गेली माझी?” हा प्रश्न दिवसातून पंधरा वेळा येतो. खरं सांगितलं तर पंधरा वेळा रडतात, खोटं सांगितलं तर मला पंधरा वेळा खोटं बोलावं लागतं. मी मध्येच भाजी आणायला जाते असं सांगून मागच्या अंगणात जाऊन नुसती उभी राहते. शेजारची गोरी बाई कुंपणावरून विचारते, सगळं ठीक ना? मी म्हणते, लव्हली, थँक्यू. मग आत.

तर दुसऱ्या वर्षाचं रिटर्न. सगळे आकडे भरून झाले, नफा शून्य आला, आणि शेवटी एक मोठा चौकोन आला. आणखी काही माहिती द्यायची असल्यास इथे लिहा. नवरा म्हणाला, “रिकामा सोड.” हा मुंबईचा, याला कागद रिकामा सोडता येतो. मला येत नाही. माझे वडील सरकारी कचेरीत होते. साध्या रजेच्या अर्जालाही ते तीन पुरवण्या जोडायचे, कोणी विचारायच्या आधी आपणच सांगितलेलं बरं, असं म्हणायचे. शिवाय मला वाटत होतं, एवढी रक्कम आली आणि नफा काय तर शून्य, हे दिसायला काही बरं दिसत नाही. म्हणून मी त्या चौकोनात छान सविस्तर लिहिलं, की या पैशांत मी माझ्या आजारी मावशींना माझ्या घरी सांभाळते. आता मावशी हा शब्द इथल्या साहेबाला कसा कळणार? मग मी त्याचं भाषांतर केलं. माय आंट.

मार्चमध्ये टॅक्स ऑफिसचं पत्र आलं. भाषा अगदी सभ्य. तुमचं रिटर्न आम्ही तपासत आहोत. तुम्ही नातेवाईकाची देखभाल करता असं लिहिलं आहे. तरी ही देखभाल योजनेतूनच चालू आहे, असं योजनेकडून लेखी आणून द्यावं. मला वाटलं, एका पत्राचं तर काम. आमची केस कौन्सिलमधली एक मुलगी बघते. तिला मी ते पत्र आणि माझ्या रिटर्नची प्रत पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी ती दारात उभी.

ही मुलगी चांगली आहे, आधीच सांगते. तिशीची असेल, बारा महिने सर्दी, आमच्यासारखी कितीतरी घरं एकटी बघते. एरवी आल्याचा चहा मागून घेते. त्या दिवशी चहाला नको म्हणाली. “तुम्ही अर्जात लिहिलं होतं की नातं नाही,” ती म्हणाली. “आणि टॅक्स ऑफिसला आंट लिहिलंय.” मी हसले. म्हटलं, आमच्यात सगळ्यांनाच आंट म्हणतात. ती हसली नाही. तिने बॅगेतून माझ्याच वह्या काढल्या. योजनेचा नियम असा, की रोज दोन ओळी लिहायच्या, काय खाल्लं, किती झोपल्या, आणि वही भरली की तिच्याकडे द्यायची. पानोपानी माझं अक्षर. आंट नीट जेवल्या. आंटनी आंघोळ नाकारली. एका पानावर होतं, आज मूड चांगला, मला सिस्टर म्हणाल्या.

“सिस्टर?” ती म्हणाली.

“नर्स हो,” मी म्हटलं. “त्या डॉक्टर होत्या ना. वॉर्डातली सिस्टर.”

“म्हणजे त्या तुमच्या आंट, आणि तुम्ही त्यांच्या सिस्टर.”

मी कपाळावर हात मारून घेतला.

मग तिने नियम सांगितला. या योजनेत नातेवाईकाला ठेवता येत नाही. आणि नातं असून लपवलं असेल तर घराची मान्यताच जाते. मान्यता गेली की मावशींना इथून हलवावं लागणार. “कुठे?” मी विचारलं. तिने खाली बघत त्याच होमचं नाव घेतलं, जिथून मी त्यांना आणलं होतं. रिव्ह्यू सहा आठवड्यांनी ठरला. तोवर नातं नसल्याचा काही पुरावा असेल तर द्या, म्हणाली.

टॅक्सचं मला काही वाटत नव्हतं. सवलत गेली असती तर भरला असता कुठून तरी. पण त्या होममध्ये मावशी पुन्हा नॉन-व्हर्बल झाल्या असत्या, आणि या खेपेला उतरायला त्यांच्या अंगावर वजनच नव्हतं. एका शब्दापायी. तोही मीच, कोणी न विचारता, हौसेने लिहिलेला. मला माझाच इतका राग आला होता की त्या आठवड्यात मी दोनदा दूध उतू घालवलं आणि एकदा मावशींवर ओरडले. त्यांनी घाबरून कान झाकले. त्याची शरम अजून जात नाही.

नातं असल्याचा पुरावा असतो. जन्माचा दाखला असतो, रेशनकार्ड असतं. नातं नसल्याचा दाखला कुठल्या खिडकीवर मिळतो? नवरा लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला, “डीएनए टेस्ट.” तो थट्टा करत नव्हता, म्हणून मला आणखी राग आला. मावशींचे दोन पुतणे पुण्यात आहेत, दिवाळीला पणत्यांचं चित्र पाठवतात. मी त्यांना लिहिलं, की आत्याला सांभाळणारी ही बाई आमच्या नात्यातली नाही, एवढ्या एका ओळीचा मेल करा. आठवडाभर काही नाही. आठवण केली तेव्हा एकाकडून हात जोडल्याची खूण आली. दुसऱ्याकडून तीही नाही.

शेवटी आईला फोन लावला. आई नागपूरला असते, तीही ऐंशीच्या पुढची, गुडघ्यांनी घरी बसवलेली. बाबा गेले, आणि मी एकुलती एक. तिच्याजवळ दिवसभर एक बाई असते, पगारी, तिलाही आम्ही मावशीच म्हणतो. मी म्हटलं, “आई, मला तुझं एक ॲफिडेव्हिट पाहिजे. तुला बहीण नाही म्हणून.” आईने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग म्हणाली, “मला बहीण नाही हे आता या वयात कोणाला सांगायचंय?” मी सगळं रामायण ऐकवलं. तिला निम्मं कळलं असेल. “म्हणजे तिकडे कोणी एक म्हातारी आहे, तिला तू सांभाळून राहिली, आणि ती माझी बहीण नाही असं मी लिहून द्यायचं.”

“हो.”

“बरं, देते. तू कधी येऊन राहिली?”

मी म्हटलं, बघते. मावशी घरात आल्यापासून मी हेच म्हणतेय, बघते. आईही आता पुढचं विचारत नाही.

आईच्या मावशींनी तिला रिक्षात घालून वकिलाकडे नेलं. कडक ऊन होतं म्हणे. जिना चढवला, स्टॅम्प पेपर करून घेतला, शिक्का मारून घेतला आणि फोटो काढून मला पाठवला. कौन्सिलच्या मुलीने तो मोठा करून बघितला, गोल शिक्के बघितले, तिरकी सही बघितली. “हे फार सुंदर आहे,” ती म्हणाली, “पण मला तुमच्या आईंशी बोलता येईल का?”

मधल्या दिवसांत मी एक शहाणपणा केला. मावशींना मावशी म्हणणं बंद केलं. म्हटलं, रिव्ह्यूच्या दिवशी तोंडातून निसटायला नको. डॉक्टर म्हणायला लागले. झालं, बाई दुसऱ्या दिवसापासून ड्यूटीवर. राउंड आहे म्हणून आंघोळीला येईनात, पेशंट खोळंबलेत म्हणून जेवायला बसेनात. आणि माझ्याशी ‘तुम्ही’ने बोलायला लागल्या. इतके दिवस मला ‘तू’ म्हणून खडसावणारी बाई अदबीने विचारायची, “तुमची ड्यूटी किती वाजता संपते?” ते मला लागलं. एके दुपारी केस विंचरताना मी त्यांना पढवायला बसले. म्हटलं, “कोणी विचारलं, ही तुमची कोण, तर सांगायचं, कोणी नाही.” त्या आरशातून माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, “कोणी नाही, तर माझे केस कशाला विंचरताय?” मी कंगवा खाली ठेवला. एका विसरभोळ्या बाईला मी स्वतःच्या सोयीसाठी असलं काही पाठ करायला लावत होते. मी पुन्हा मावशी म्हणायला लागले. जे व्हायचं ते होऊ दे म्हटलं.

रिव्ह्यू आमच्याच बैठकीच्या खोलीत झाला, सकाळी अकराला. नवरा रीडिंगला ऑफिसात. कौन्सिलची मुलगी सोफ्यावर, मावशी त्यांच्या खुर्चीत, टॅबलेटवर नागपूरहून आई, आणि फोनच्या स्पीकरवर कौन्सिलने लावून दिलेले एक दुभाषे. मी केलेलं भाषांतर चालणार नव्हतं. दुभाषे कोण, कुठले, काही माहीत नाही. आवाजावरून निवृत्त मास्तर वाटत होते. त्यांनी सुरुवातीलाच दोन्ही भाषांत बजावलं, की जे कानावर पडेल ते सगळं मी सांगणार, काही गाळणार नाही आणि पदरचं काही घालणार नाही.

आईने ठेवणीतली साडी नेसली होती. “मला बहीण नाही,” ती म्हणाली. “दोन भाऊ होते. दोघंही गेले.” दुभाष्यांनी सांगितलं, मुलीने लिहून घेतलं. या बाईंना तुम्ही ओळखता का, असं विचारल्यावर आईने नाक पडद्याला टेकेपर्यंत जवळ येऊन मावशींना निरखलं. “पहिल्यांदाच पाहून राहिले.” मावशींनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, ही पण नागपूरचीच दिसते म्हणून. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात आई मान वळवून म्हणाली, “मावशी, पंखा कमी कर गं, काही ऐकू येऊन नाही राहिलं.” आणि दुभाष्यांनी, ठरल्याप्रमाणे काही न गाळता, इंग्रजीत सांगितलं, की आंट, पंखा कमी कर.

मुलीचं पेन थांबलं. “म्हणजे आंट आहे,” ती म्हणाली.

पडद्यावर आईच्या मागून कोणीतरी भिंतीकडे गेलं आणि पंख्याचा आवाज उतरला. मला राहवलं नाही. मी म्हटलं, “ती माझ्या आईला सांभाळते. पगारी. आमच्यात जी सांभाळते तिला आंट म्हणतात, जिला सांभाळतात तिलाही आंट म्हणतात, आणि खरी आंट असेल तर तिलाही आंटच म्हणतात. मी काय करू?” मग फोनकडे वळून मराठीत म्हटलं, “अहो, तुम्ही तरी सांगा ना यांना.”

“मॅडम, मला माझं मत देता येत नाही,” ते म्हणाले. मग इंग्रजीत म्हणाले, “मात्र कोणी विचारलं, तर शब्दाचा अर्थ सांगता येतो.”

मुलीने विचारलं. त्यांनी सांगितलं, की त्यांना स्वतःला लहानपणी अकरा मावश्या होत्या आणि त्यांतली एकच त्यांच्या आईची बहीण होती. मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा हसली. पण तरीही एक काम उरलं होतं. ज्या माणसाबद्दल सगळं चाललंय त्याला स्वतःला विचारायचं, असा नियम. ती मावशींच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. ही बाई तुमच्या नात्यातली आहे का, असं तिने विचारलं, आणि दुभाष्यांनी ते मराठीत विचारलं.

आदल्याच दिवशी मावशी मला आपली धाकटी बहीण समजून, परीक्षेचा अभ्यास केला नाही म्हणून रागावल्या होत्या. त्या काहीही म्हणू शकल्या असत्या, आणि त्या म्हणतील त्यावर त्यांचं स्वतःचं सगळं अवलंबून होतं.

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. पेशंटला बघत असतील तसं. मग म्हणाल्या, “नाही.”

“नक्की?”

“नातेवाईक येत नाहीत,” मावशी म्हणाल्या. शिकाऊ डॉक्टरला समजावून सांगावं तसा सावकाश आवाज होता. “मला दोन पुतणे आहेत. ते नातेवाईक. ते येत नाहीत. ही रोज असते. म्हणजे ही नातेवाईक नाही.”

दुभाष्यांनी एकेक वाक्य करून ते सांगितलं. मुलीने ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. पण टॅबलेटवर आई सगळं ऐकत होती, आणि मावशींचं मराठी कळायला तिला दुभाष्यांची गरज नव्हती.

“बरोबर बोलल्या त्या,” आई म्हणाली. सुरात तक्रार नव्हती. “आमच्याकडेही तसंच आहे. मुलगी आहे, ती येत नाही. ही मावशी रोज असते.”

दुभाष्यांनी तेही इंग्रजीत सांगितलं.

कौन्सिलच्या मुलीने माझ्याकडे बघितलं आणि वही मिटली. नातं नाही, तिने सांगितलं. तसं पत्र ती मला देईल, टॅक्स ऑफिसला पाठवायला. मावशी इथेच राहतील. हे शब्द ऐकण्यासाठी सहा आठवडे माझा जीव टांगणीला लागला होता. ते कानावर पडले आणि मला काहीच वाटलं नाही, नुसतं बसून राहावंसं वाटलं. मुलगी सर्दीतून नाक ओढत हळूच म्हणाली, “योजनेतली तुमची सुट्टी किती साठलीय. एक दिवससुद्धा घेतलेली नाही. आईंकडे जाऊन या ना.”

“आणि यांना?”

“तेवढे दिवस होममध्ये ठेवू. तीनच आठवडे.”

मावशी मला विचारत होत्या, भात झाला का. मी त्यांना म्हटलं, पाच मिनिटं. मग मुलीला इंग्रजीत म्हटलं, “राहू द्या. या वर्षी नाही जमणार जायला.”

आईला इंग्रजी येत नाही. ती पडद्यावरून आमच्या तोंडांकडे बघत होती, काय ठरलं ते कळायची वाट बघत. दुभाषे खाकरले. इतका वेळ न विचारता एकेक शब्द सांगणारा माणूस, पण आता त्यांनी इंग्रजीतच विचारलं, हे शेवटचं आईंना सांगू का?

मी नको म्हटलं.

“काय म्हणून राहिले ते?” आईने विचारलं.

“काही नाही, आई. सगळं नीट झालं. त्या इथेच राहणार.”

“चला, बरं झालं,” आई म्हणाली. “मग आता तू मोकळी.”